कचऱ्याच्या दोन डब्यांसाठी बाहेर ठेवायची लाकडी पेटी

आधी डबे आणा, मग लाकूड. पेटी उभी राहिल्यावर डब्याचं हँडल मागच्या पट्टीला दोन सेंटीमीटरने अडतंय असं दिसलं, तर रंधा मारून ते निघत नाही, अर्धी पेटी खोलावी लागते. इथे १२० लिटरचे, चाकांचे आणि झाकणाचे दोन डबे धरले आहेत, एक ओल्या कचऱ्याचा आणि एक सुक्याचा. असा डबा साधारण ४८ सेंमी रुंद, ५५ सेंमी खोल आणि ९३ सेंमी उंच भरतो. कंपनीगणिक एकदोन सेंटीमीटर इकडेतिकडे होतात, तेव्हा टेप लावून बघाच. माप घेताना झाकण, हँडल आणि चाकं धरून सगळ्यात बाहेरचं माप घ्या. डबा तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळता असतो. वाकून बुडाचं माप घेतलं की हिशेब चुकतो.

डब्यांच्या दोन्ही बाजूंना आणि मधे सात-सात सेंमी, खोलीत एकूण आठ आणि दारातून जाताना डोक्यावर सहा सेंमी मोकळे ठेवले, तर आतली जागा ११७ × ६३ सेंमी होते. सांगाड्याचं बाहेरचं माप १२६ × ७२, उंची पुढे १०४ आणि मागे ११४. तुमचे डबे मोठे असतील तर ही मोकळी जागा तेवढीच ठेवा आणि बाकीची मापं वाढवा.

जागा आणि तळ

या पेटीला लाकडी तळ करू नका. फळ्यांचा तळ दिसायला छान, पण डब्यातून गळलेलं आंबट पाणी आधी त्यावरच पडतं, फटींत मुरतं, आणि बाकी पेटी धडधाकट असताना तळ कुजून वास मारू लागतो. शिवाय तळाला उंबरा आला की भरलेला डबा रोज त्यावरून चढवायचा. काँक्रीटच्या किंवा फरशीच्या सपाट जागेवर पेटी नुसती उभी करा. डबे सरळ आत सरकतात आणि पाइप लावून जागा धुता येते. हाताने उचलायचे छोटे डबे असतील तरच पट्ट्यांचा तळ चालेल, तोही न ठोकता नुसता ठेवलेला, म्हणजे काढून धुता येईल.

मातीची जागा असेल तर दहा-बारा सेंमी खणून खडी धुमसून घ्या, वर तीन-चार सेंमी वाळू आणि त्यावर फरशा. उतार पुढच्या बाजूला, पेटीच्या खोलीत मिळून एक सेंटीमीटर. जास्त उतार दिलात तर डबे आपोआप पुढे येऊन दारांवर रेलतात. भिंतीपासून १५ ते २० सेंमी अंतर सोडा. झाकण उघडल्यावर थोडं मागे झुकतं त्याला तेवढी जागा लागते, आणि मागच्या फळ्या वाळायलाही.

लाकूड आणि स्क्रू

सागाचं गाभ्याचं लाकूड सगळ्यात निर्धास्त. दाबाखाली औषध भरलेलं पाइन स्वस्तात चांगलं काम देतं. देवदारही चालतो. औषध न भरलेलं लाकूड घेतलंत, तर फळीच्या कडेला सालीलगतचं फिकट लाकूड किती आहे ते बघा. कीड आणि बुरशी तिथूनच आत शिरतात, मग ते लाकूड सागाचं असलं तरी. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ बाहेरच्या कामाला नकोच. एका पावसात कडा फुगतात.

लागणारं सामान असं:

सांगाड्याला ४५ × ४५ मिमीचे बाटम (चौकोनी लाकडी दांडके), २.४ मीटरचे पाच.
भिंती आणि दारांना ९५ × २० मिमीच्या फळ्या, एकूण ४० मीटर. हिशेबाने साडेछत्तीस लागतात, बाकी गाठी आणि फुटलेली टोकं यांत जातात.
दारांच्या आणि झाकणाच्या आतून ७० × २० मिमीची पट्टी, १० मीटर.
झाकणाला १२ मिमीचा मरीन प्लाय, १३८ × ८० सेंमी.
स्टेनलेस स्क्रू: ५ × १०० मिमीचे ३६, ४ × ४० चे १५०, ४ × ३५ चे १००, ४ × ३० चे ३०.
दारांना चार टी बिजागऱ्या, झाकणाला तीन साध्या, १० सेंमीच्या. झाकणासाठी एम ५ चे (५ मिमी जाडीचे) बोल्ट, वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप ढिले न होणारे). एक टॉवर बोल्ट (सरकवून लावायचा अडसर), एक कडी-कोयंडा, अडीच मीटर बारीक साखळी, दोन स्प्रिंगचे हुक.
खांबांखाली ठेवायला रबराचे किंवा कडक प्लास्टिकचे चार तुकडे, मागचे दोन १ सेंमी जाडीचे, पुढचे दोन २ सेंमीचे.
बाहेरच्या कामाचा पाण्याने न सुटणारा गोंद.

स्क्रूत कंजुषी नको. सागातल्या टॅनिनचा, म्हणजे लाकडातल्या तुरट द्रव्याचा, लोखंडाशी संबंध आला की प्रत्येक स्क्रूखाली काळानिळा ओघळ उतरतो, आणि तो रंधा मारल्याशिवाय जात नाही. औषध भरलेल्या पाइनमध्ये तांब्याचे क्षार असतात, ते साध्या झिंक मुलाम्याचे स्क्रू खातात. ३०४ दर्जाचं स्टेनलेस पुरतं. समुद्राजवळ ३१६ घ्या.

पाइन ओलं विकत मिळतं. हाताला गार आणि नेहमीपेक्षा जड लागलं तर मधे पट्ट्या घालून, वरून झाकून, बाजू उघड्या ठेवून तीन-चार आठवडे रचून ठेवा. ओल्या फळ्या ठोकल्या तर वाळताना आकसतात, एक सेंटीमीटरची फट दीडवर जाते आणि दारं पिळतात.

कापणी

पाच बाटमांतून सांगाडा नेमका निघतो, पण तुकड्यांचा हिशेब आधी केला तरच. पहिल्या दोनांतून प्रत्येकी एक ११४ आणि एक ११७. तिसऱ्यातून ११७ आणि १००. चौथ्या-पाचव्यातून प्रत्येकी १०४, ६३ आणि ६४. मनाला येईल तसे कापत गेलात तर सहावा बाटम आणावा लागू शकतो. करवत प्रत्येक कापाला तीनेक मिलिमीटर खाते, तेवढी जागा यात आहे. बाटमाचं एक टोक मात्र आधी गुण्या लावून सरळ करून घ्या. दुकानातलं टोक क्वचितच काटकोनात असतं.

११४ चे दोन मागचे खांब, १०४ चे दोन पुढचे. या चौघांची वरची टोकं ८ अंशांच्या उताराने कापायची. ही मापं खांबाच्या उंच बाजूची आहेत. ११७ चे तीन आडवे: मागे वर, मागे खाली आणि पुढे वर. पुढे खाली काही नाही, तिथून डबे जातात. ६३ चे दोन बाजूंना खाली, ६४ चे दोन बाजूंना वर तिरके. त्यांची दोन्ही टोकं त्याच ८ अंशांत. १०० चा तुकडा मागच्या बाजूचा मधला खांब. तो गाळला तर २० मिमीच्या फळ्या सव्वा मीटरच्या अंतरात सहा महिन्यांत बाक घेतात.

औषध भरलेलं लाकूड कापताना मास्क लावा आणि उरलेले तुकडे चुलीत किंवा शेकोटीत घालू नका. औषध फळीच्या पोटापर्यंत सगळीकडे पोचलेलं नसतं, त्यामुळे नव्याने कापलेल्या टोकाला ते पुन्हा ब्रशने लावावं लागतं. लाकूड टोकातून जेवढं पाणी ओढतं तेवढं अंगातून ओढत नाही. म्हणून जे काही लावणार असाल ते टोकांना तीन वेळा लावा, मुरत जाईल तसं, आणि जोडणीआधीच. पेटी उभी झाल्यावर त्या टोकांपर्यंत ब्रश जात नाही.

सांगाडा

मागची चौकट आधी जमिनीवर आडवी ठेवून जोडा. खालचा आडवा खांबाच्या बुडापासून ५ सेंमीवर, वरचा खांबाच्या टोकाशी. प्रत्येक सांध्याला गोंद आणि खांबातून आरपार जाणारे ५ × १०० चे दोन स्क्रू. आधी साडेतीन मिमीचं भोक पाडा आणि डोक्यासाठी खळगा करा. भोक न पाडता स्क्रू दाबला तर खांबाचं टोक उभं चिरतं, आणि ती चीर पुढे पाण्याची वाट होते. दोन स्क्रू एका रेषेत नकोत, थोडे वरखाली घ्या. बाजूच्या आडव्याचे स्क्रू त्याच खांबात काटकोनात येणार आहेत, ते यांच्यावर आदळायला नकोत.

गोंद ओला असतानाच कर्ण मोजा. १२६ × ११४ च्या चौकटीचा कर्ण १७० सेंमीच्या आसपास येतो. आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे असणं महत्त्वाचं. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या दोन टोकांना क्लॅम्प लावून चौकट ओढा आणि गोंद वाळेपर्यंत तशीच ठेवा. इथली चूक शेवटी दारांत दिसते, आणि तेव्हा दोष बिजागरीला मिळतो.

पुढची चौकट म्हणजे दोन खांब आणि वरचा एक आडवा. ती बाजूच्या आडव्यांनी मागच्या चौकटीला जोडली की पेटी उभी राहते. वरच्या आडव्यांचा माथा रंधून खांबांच्या उताराला मिळवा. आता खांबांखाली रबराचे तुकडे ठेवा. जमिनीला उतार आहे, पण सांगाडा स्पिरिट लेव्हलवर सरळ हवा, म्हणून पुढच्या खांबांखाली जाड तुकडे आणि मागे पातळ. खांबाची टोकं फरशीला टेकू द्यायची नाहीत, हा त्या तुकड्यांचा मुख्य उपयोग.

फळ्या

आडव्या लावा, मधे १ सेंमी फट ठेवून. फट सारखी यावी म्हणून १ सेंमी जाडीचे दोन लाकडी तुकडे मधे धरायचे, प्रत्येक वेळी टेप लावत बसू नका. बाजूंना ७२ सेंमीच्या नऊ-नऊ फळ्या, मागे १३० सेंमीच्या दहा, म्हणजे मागच्या फळ्या बाजूच्या फळ्यांची टोकं झाकतात. सुरुवात खांबाच्या बुडापासून ५ सेंमीवर. त्यापेक्षा खाली आणलीत तर पावसाचे थेंब फरशीवर आपटून उडतात, खालची फळी सतत भिजते आणि पहिली तीच काळी पडते. मागच्या वरच्या बाटमावर फळीतून चिरलेली साडेचार सेंमीची एक पट्टी मारून तो इतर फळ्यांच्या पातळीला आणा.

फळीच्या प्रत्येक टेकूवर ४ × ४० चे दोन स्क्रू, टोकापासून किमान २ सेंमी आत, आधी अडीच ते तीन मिमीचं भोक पाडून. स्क्रूचं डोकं लाकडाच्या पातळीला आलं की थांबा. मशीनने डोकं आत बुडवलं की तिथे वाटी होते आणि वाटीत पाणी साचतं.

बाजूंना सगळ्यात वर, तिरक्या आडव्याखाली, एक त्रिकोणी मोकळी जागा उरते. ती फळीने भरावीशी वाटते, पण भरू नका. उन्हात तापलेली हवा आणि वास तिथूनच बाहेर पडतो. आतून ६ मिमी चौकोनांची वेल्डेड जाळी मारा. उंदरांबद्दल मात्र गैरसमज नको. लहान उंदीर ६-७ मिमीच्या भोकातून जातो, आणि या पेटीला दाराखाली पाच सेंमी मोकळं आहे. ही पेटी कुत्री, कावळे, ऊन आणि वारा यांना अडवते. उंदराला अडवतं ते डब्याचं घट्ट झाकण.

दारं

उघडी जागा ११७ सेंमी. दोन दारं प्रत्येकी ५७.८ सेंमीची, म्हणजे दोन्ही बाजूंना ४-४ मिमी आणि मधे ६ मिमी उरतात. एवढी फट जास्त वाटते, पण ओल्या हवेत लाकूड फुगतं. दोन मिमी ठेवणाऱ्यांची दारं पावसात उघडत नाहीत. प्रत्येक दाराला नऊ फळ्या, बाजूच्या फळ्यांच्याच फटींनी, म्हणजे पेटीभोवती रेषा सलग दिसते. आतून दोन उभ्या पट्ट्या ९२ सेंमीच्या आणि त्यांच्या मधे एक तिरकी.

तिरकी पट्टी कुठून कुठे? बिजागरीच्या बाजूला खाली सुरू होते आणि कडीच्या बाजूला वर संपते. दाराचं मोकळं टोक खाली लोंबायला बघतं. अशी लावलेली पट्टी तो भार दाबून खालच्या बिजागरीवर देते. उलटी लावली तर तोच भार स्क्रूंना ओढतो, आणि वर्षभरात दार लोंबायला लागतं. तिरक्या पट्टीची टोकं उभ्या पट्ट्यांना घट्ट भिडली पाहिजेत. मधे फट राहिली तर पट्टी असून नसल्यासारखी.

इथे ४ × ३५ चे स्क्रू. फळी आणि पट्टी मिळून जाडी ४० मिमी. ४० चा स्क्रू लावला तर टोक दुसऱ्या बाजूने डोकावतं आणि डबा धुताना हात फाटतो.

टी बिजागरीची आखूड बाजू खांबावर, लांब बाजू दारावर. दाराखाली, बाजूच्या सगळ्यात खालच्या फळीच्या पातळीपर्यंत येणारे ठोकळे ठेवूनच स्क्रू मारा, दार हातात धरून नको. वरच्या आडव्याच्या मागे, मध्यावर, १५ सेंमीचा एक तुकडा तीन सेंमी खाली लोंबेल असा मारा, म्हणजे दारं आत जाणार नाहीत. दार ४० मिमी जाड आणि बाटम ४५, तेव्हा मधले ५ मिमी रबराच्या पट्टीने भरा. दार आपटल्याचा आवाजही जातो. एका दाराला आतून वरच्या बाजूला टॉवर बोल्ट लावा, झाकण उघडून तो सहज काढता येतो. बोल्ट खाली फरशीत घालायची कल्पना सोडून द्या, ते भोक आठवड्यात मातीने बुजतं. दुसऱ्या दाराला बाहेरून कडी-कोयंडा.

झाकण

प्लाय १३८ × ८०: दोन्ही बाजूंना ४ सेंमी बाहेर, पुढे ५, मागे फळ्यांच्या पातळीला. उतार पुढे, म्हणजे पाणी बिजागरीपासून दूर जातं. खालून ७० मिमीच्या पट्टीची ११५ × ६० सेंमीची चौकट आणि मधे एक आडवी, ४ × ३० च्या स्क्रूंनी. ही चौकट पेटीच्या तोंडात आत बसते. तिच्यामुळे प्लाय वाकत नाही आणि वाऱ्याने उडालेलं पाणी आत येत नाही.

प्लायचं आयुष्य त्याच्या कडांवर ठरतं. कडेला थर उघडे असतात, तिथे इपॉक्सी किंवा पातळ केलेला बाहेरचा रंग तीन वेळा पाजा. खालच्या अंगाला, कडेपासून दीड सेंमी आत, तीनही मोकळ्या बाजूंना ३ मिमी खोल खाच पाडा. पाण्याचा थेंब कडेवरून वळून खालच्या अंगाने आत सरकतो. खाचेपाशी त्याचा धागा तुटतो आणि तो गळून पडतो. वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, कडा दोन सेंमी खाली वळवलेला, किंवा डांबरी फेल्ट. नुसत्या रंगावर सोडलेला प्लाय दोन-तीन उन्हाळ्यांत वरून तडकतो.

बिजागरीची एक पाकळी मागच्या बाटमाच्या माथ्यावर, दुसरी झाकणाच्या खाली. १२ मिमीच्या प्लायमध्ये स्क्रू टिकत नाहीत, झाकण सारखं उघडून ते ढिले होतात. म्हणून झाकणाच्या बाजूने आरपार बोल्ट, वॉशर आणि नायलॉक नट. मागच्या फटीवर दहा सेंमी रुंद रबराची पट्टी अर्धी झाकणावर, अर्धी मागच्या फळीवर चिकटवून वर पट्टी मारा. उघडताना ती वळते आणि फट झाकलेली राहते. झाकण शंभर अंशांपलीकडे जाऊ नये म्हणून बाजूला एक साखळी. ती नसेल तर एका जोराच्या वाऱ्यात झाकण मागे पडतं आणि तिन्ही बिजागऱ्या उपटून येतात.

डब्याची साखळी

पेटीचं झाकण उघडलं की डब्याचंही उघडावं, म्हणजे दुसरा हात कचऱ्याच्या पिशवीला मोकळा राहतो. डबे चाकं आणि हँडल मागे करून ठेवा. डब्याच्या झाकणाच्या पुढच्या कडेला ६ मिमीचं भोक पाडून बोल्टची कडी लावा, तिच्यातून साखळी घेऊन दुसरं टोक पेटीच्या झाकणाखालच्या चौकटीला स्प्रिंगच्या हुकाने अडकवा.

लांबी अंदाजाने कापू नका. पेटीचं झाकण पूर्ण उघडं ठेवा, डब्याचं झाकण हाताने उचला आणि ते उभं होण्याच्या थोडं अलीकडे, ८० अंशांच्या आसपास, असताना साखळी ताणलेली असेल अशी कडी निवडा. एक-दोन कड्या आखूड झाल्या की डब्याचं झाकण उभ्याच्या पलीकडे जातं, मागे लवंडतं आणि पेटी बंद केली तरी उघडंच राहतं. मग माश्या आत आणि वास बाहेर. साखळी लांब झाली तर झाकण अर्धंच उचललं जातं. गाडी यायच्या दिवशी हुक सोडायचा आणि डबा पुढच्या कडेला धरून ओढायचा. चाकं मागे असल्याने पहिला हातभर तो घासत येतो, म्हणूनही खाली गुळगुळीत फरशी बरी.

तेल आणि देखभाल

वार्निशचा जाड थर बाहेर टिकत नाही. लाकूड फुगतं-आकसतं, थर तडकतो, तड्यातून पाणी आत जातं आणि थराखाली अडकून लाकूड काळं करतं. बुरशी आणि उन्हापासून रक्षण करणारं, लाकडात मुरणारं बाहेरचं तेल किंवा स्टेन लावा, दोन हात, आतून-बाहेरून. नुसतं जवसाचं तेल ओलसर जागी काळी बुरशी धरतं. जवसाच्या तेलाचं काहीही वापरलंत तर तेलाने भिजलेल्या कापडाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ते उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवा, मग फेका.

वर्षातून एकदा, पावसाआधी, पेटी रिकामी करा, धुवा, दोन दिवस वाळू द्या आणि झाकण व दक्षिण-पश्चिमेकडच्या बाजूंना तेलाचा एक हात द्या. सावलीतली बाजू दोन वर्षांनी चालते. त्याच वेळी टोच्याने खांबांची बुडं आणि सगळ्यात खालची फळी टोचून बघा. टोक दोन मिलिमीटरवर अडलं तर लाकूड ठीक आहे. लोण्यासारखं आत गेलं तर ती एकच फळी स्क्रू काढून बदला, आणि रबराचे तुकडे अजून खांबांखाली आहेत का तेही बघा; बहुतेक वेळा एखादा सरकून बाजूला पडलेला असतो.